पैलवानला स्थळ येतं तेव्हा

पैलवान माझा पाच वर्षांचा इंग्लिश बुलडॉग. रुंद छाती, भलं मोठं डोकं आणि डुलत डुलत चालणं, त्यामुळे त्याला सारखी स्थळं येतात. फोन बहुतेक असाच असतो: "आमची मादी हीटवर आलीय, उद्या आणू का?" उद्या नको, असं माझं ठरलेलं उत्तर. मला ज्या तपासण्या लागतात त्या एका दिवसात होत नाहीत, म्हणून बोलणं निदान एक हीट (माज) आधी व्हावं लागतं. यावर निम्मे लोक फोन ठेवतात. ठेवू देत.

पहिल्या वेळी मीही उद्याच बोलावलं होतं. मादीचे फोटो छान, पेडिग्री (वंशावळ) लांबलचक, झालं. ती गाडीतून उतरली, जिना चढायला लागली आणि वळणावरच बसली. जीभ निळसर, घशातून खर्र खर्र आवाज. मालक हसून म्हणाले, "बुलडॉग असेच असतात हो." मी मान डोलावली. दीड वर्षाने त्यातल्या एका पिल्लाचं टाळूचं ऑपरेशन झालं. त्यांनी पाठवलेल्या फोटोत त्याच्या नाकपुड्या म्हणजे दोन बारीक चिरा होत्या, थेट आईसारख्या. मी त्या दिवशी जिन्यावर पाहिल्या होत्या.

म्हणून आता श्वासापासून सुरुवात करतो. मादीचा व्हिडिओ मागवतो: शांत बसलेली, तोंड मिटलेलं, समोरून नाक दिसेल असा. नाकपुडीला भोक दिसलं पाहिजे, फट नव्हे. दुसरा व्हिडिओ झोपेतला, आवाजासकट. बसल्या बसल्या झोपणारा किंवा तोंडात खेळणं धरून झोपणारा बुलडॉग बऱ्याचदा श्वासनलिका मोकळी ठेवायला तसा झोपत असतो. लोक त्याचे गोड गोड व्हिडिओ करतात. मला ते बघवत नाहीत.

एवढं पटलं की व्हेटकडची तपासणी. ब्रिटनच्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठाबरोबर 2019 मध्ये श्वसनाची ग्रेडिंग पद्धत आणली. कुत्रा किमान एक वर्षाचा हवा. व्हेट आधी स्टेथोस्कोपने घसा ऐकतो, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि लगेच परत ऐकतात. ग्रेड 0 ते 3, 0 म्हणजे श्वास मोकळा, 3 म्हणजे सगळ्यात जास्त त्रास. 3 आली तर ब्रीडिंगचा विषयच नाही. मी 2 लाही नाही म्हणतो, हा माझा हट्ट समजा. कागदावरची तारीखही बघतो, कारण वजन वाढलं की ग्रेड बिघडू शकते. आणि हो, पैलवानची ग्रेड न विचारता मादी आणणाऱ्या माणसाबद्दल मला जरा शंकाच येते. मी तुमचा कागद मागतो, तसा तुम्हीही माझा मागायला हवा.

मग डीएनए. बुलडॉगमध्ये लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त जाण्याचा आनुवंशिक दोष असतो, त्यातून मूतखडे होतात. लघवी तुंबली तर नराच्या जिवावर बेतू शकतं. दोष दिसायला आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. पैलवान स्वतः ठणठणीत आहे, पण कॅरियर आहे, म्हणजे एक सदोष जनुक बाळगून आहे. कॅरियरला कॅरियर लावला तर प्रत्येक पिल्लाला बाधा होण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे त्याला फक्त क्लिअर, म्हणजे सदोष जनुक नसलेली मादी. पहिल्या मेटिंगनंतर कधीतरी मी ही टेस्ट केली, आधी करायला हवी होती. गुडघ्याच्या वाट्या, खुबे, डोळे, शेपटीखालची घडी हे व्हेट तपासतोच, त्याचा लेखी रिपोर्ट घ्या. चेरी आय (डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ बाहेर येणं) किंवा टाळूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर ती "आता बरी आहे" म्हणून सोडून देऊ नका. ऑपरेशनने कुत्रं बरं होतं, जनुकं तीच राहतात.

ब्रुसेलाची रक्ततपासणी दर मेटिंगआधी ताजी, दोघांचीही. या जंतूने गर्भ पडतात, नर वांझ होऊ शकतो, आणि तो माणसालाही लागतो. कृत्रिम रेतन करणार म्हणून तपासणी टाळता येत नाही, वीर्यातूनही तो जातो.

मादीचा मागचा इतिहास विचारताना मी आडवळण घेत नाही. किती वेतं झाली? सिझेरियन किती? मधे किती काळ गेला? तिची आई, बहिणी कशा व्याल्या? ब्रिटनमधल्या एका पाहणीत (2010) बुलडॉगची 86.1 टक्के वेतं सिझेरियनने झाल्याचं आढळलं होतं. म्हणजे हो म्हणताना एका ऑपरेशनलाही आपण जवळजवळ हो म्हणत असतो. दोन सिझेरियन झालेल्या मादीला मी पैलवान देत नाही.

पेडिग्रीत एकच नाव दोन्हीकडे दिसलं तर थांबा. 2016 मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 102 इंग्लिश बुलडॉगचे डीएनए तपासले, तेव्हा या जातीत जनुकीय वैविध्य फारच थोडं उरल्याचं दिसलं. म्हणूनच पैलवान कितीही देखणा असला तरी त्याची मेटिंग मी मोजून करतो. सगळीकडे त्याचीच पिल्लं झाली तर पुढच्यांनी जोड्या लावायच्या कुठून?

"मर्ल पिल्लं मिळतील का?" असाही एक फोन येतो. मर्ल म्हणजे ठिपक्या-डागांचा रंग, तो बुलडॉग जातीच्या ठरलेल्या निकषांत (स्टँडर्डमध्ये) नाही, आणि दोन मर्ल एकत्र आले तर बहिरी, आंधळी पिल्लं होऊ शकतात. हा फोन मात्र मी ठेवतो.

सगळं जुळलं तरी तारीख मालकाच्या अंदाजाने ठरवत नाही. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी एक दिवसाआड करायला लावतो. मिलिलिटरमागे साधारण 5 नॅनोग्रॅमच्या आसपास बीज सुटतं (लॅबप्रमाणे आकडा मागेपुढे होतो), आणि त्यानंतर दोन दिवसांनी ते फळायला तयार होतं. बीज सुटल्यापासून 63 दिवसांच्या आगेमागे व्यायचा दिवस येतो, म्हणजे सिझेरियनचा दिवस चुकत नाही. हा हिशेब नसेल तर पोट फार लवकर उघडलं जातं आणि पिल्लांची फुप्फुसं कच्ची राहतात.

मेटिंगच्या दिवशी थंड खोली, भरलेलं पोट नको, पाणी जवळ. पैलवान धापा टाकायला लागला की सगळं थांबतं, समोरचे कितीही लांबून आलेले असोत. बहुतेक वेळा मी व्हेटकडून कृत्रिम रेतनच करून घेतो. नराला आधी ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. नवं वीर्य तयार व्हायला दोन महिने लागतात, तोवर फळण्याची खात्री नाही.

लेखी करारात फी कधी द्यायची, मादी गाभण राहिली नाही तर काय, सिझेरियनचा खर्च कोणाचा, हे असतंच. माझी एक अट जादा: प्रत्येक पिल्लू वर्षाचं झालं की ग्रेड मला कळवायची. कोणी कळवतं, कोणी नाही. वहीत प्रत्येक वेताला एक पान आहे. फाटलेली टाळू, सुजून जन्मलेलं पिल्लू, सगळं लिहितो. एकच दोष दोन वेगळ्या मादींच्या वेतांत दिसला तर पैलवानचं काम बंद.

त्या पहिल्या मादीच्या मालकांचा गेल्या वर्षी परत फोन आला होता. मी ग्रेड मागितली. आठवड्याभरात त्यांनी दुसरा नर शोधला.