मेनफ्रेमची फाइल उतरवण्याआधी

मेनफ्रेमवरचा (आयबीएमच्या मोठ्या संगणकावरचा) डेटा नव्या डेटाबेसमध्ये लोड करायचा असेल, तर फाइल मागायच्या आधी कॉपीबुक मागा, म्हणजे रेकॉर्डमध्ये कुठलं फील्ड किती बाइटांचं हे सांगणारा कोबोलचा आराखडा. फाइल तासाभरात मिळते, कॉपीबुकाला आठवडा लागतो, आणि मधल्या दिवसांत कुणाला तरी राहवत नाही. तो अंदाजाने लोड करून बघतो. कॉपीबुक आलं की ते याच फाइलचं आहे का, ते लांबीवरून ताडा. सगळ्या फील्डांच्या बाइटांची बेरीज डेटासेटच्या (मेनफ्रेमवरच्या फाइलच्या) एलआरईसीएलशी, म्हणजे नोंदवलेल्या रेकॉर्ड-लांबीशी, जुळायला हवी. रीडिफाइन्स (त्याच बाइटांची दुसरी मांडणी) दोनदा मोजू नका, ऑकर्स (तेच फील्ड पुन्हा पुन्हा) असेल तर तितक्या पटीने मोजा, आणि कॉम्प-३ ला, म्हणजे पॅक्ड आकड्यांना, एका बाइटात दोन अंक मावतात हे विसरू नका. दोन-तीन बाइटांचा फरक निघाला तर ‘फिलर (रिकामी भरण) असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. माझ्या अनुभवात दर वेळी कॉपीबुकच जुनं निघालं आहे. रीडिफाइन्स असेल तिथे कुठला रेकॉर्ड कुठल्या रूपात वाचायचा हे कोणत्या फील्डवरून ठरतं, ते विचारून लिहून घ्या. बऱ्याचदा ते कॉपीबुकात नसतं, प्रोग्रामच्या एखाद्या इफमध्ये दडलेलं असतं.

व्हीसॅम (मेनफ्रेमची किल्लीवार फाइल) असेल तर रेप्रो या कॉपीच्या आज्ञेने साधी सलग फाइल करून मागा. डीबी२ डेटाबेसचा अनलोड असेल तर सोबतची पंच फाइल घ्या, कॉलमांच्या जागा तिच्यात असतात. जीडीजी (एकाच नावाच्या फाइलच्या क्रमाने साठवलेल्या पिढ्या) असेल तर ‘शेवटची पिढी’ असं तोंडी ठरवू नका. रात्रीची बॅच झाली की शेवटची पिढी दुसरीच असते, आणि मग तुमच्या बेरजा कालच्या अन् फाइल आजची. पूर्ण नाव, पिढी आणि आवृत्ती सांगणाऱ्या जी-व्ही आकड्यांसकट, लिहून ठेवा.

आता कोड पेज, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर हे सांगणारा तक्ता. ‘फाइल कशात आहे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘एब्सिडिकमध्ये.’ हे म्हणजे गाव विचारावं आणि समोरच्याने जिल्हा सांगावा. १९६४ साली सिस्टम/३६० सोबत आयबीएमने एब्सिडिक हे अक्षरांचं संकेतन आणलं, त्याची पुढे डझनावारी कोड पेजेस झाली: ०३७, ५००, १०४७, जर्मनीसाठी २७३, युरोचं चिन्ह घातलेलं ११४०. गोम अशी, की ए ते झेड आणि शून्य ते नऊ या सगळ्यांत एकाच जागी आहेत. त्यामुळे नावं आणि आकडे असलेली नमुना फाइल चुकीच्या पेजनेही स्वच्छ वाचता येते आणि सगळे खूश होतात. फरक असतो चिन्हांत (इथून पुढे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आधाराने, लिहिलेत). चौकटी कंस ‘[’ ०३७ मध्ये बीए वर, ५०० मध्ये ४ए वर, १०४७ मध्ये एडी वर. उद्गारचिन्ह आणि उभी रेघ यांचीही अशीच अदलाबदल. म्हणून नमुना मागताना मुद्दाम सांगा: कंस, उभी रेघ, स्वराघात असलेली अक्षरं ज्यांत आहेत असे रेकॉर्ड द्या. मग मेनफ्रेमच्या पडद्यावर ‘हेक्स ऑन’ करून तो रेकॉर्ड कुणाच्या तरी शेजारी बसून बघा. प्रत्येक अक्षराखाली त्याच्या बाइटचे दोन अर्धे उभे दिसतात. कंसाखाली उभं ‘बी, ए’ दिसलं की ०३७ च्या बाजूने पुरावा मिळाला. तिथल्या टर्मिनललाही स्वतःचं कोड पेज असतं, तेव्हा वरच्या अक्षरापेक्षा खालच्या हेक्सवर भरवसा ठेवा. एकाच फाइलमध्ये दोन पेजेस मिसळलेली असू शकतात, विशेषतः दोन देशांतल्या शाखांचा डेटा एकत्र केला असेल तर. जपानी वगैरे मजकुरात ०ई आणि ०एफ या बाइटांच्या मध्ये दोन-बाइटी अक्षरं असतात. त्या जोड्या तुटल्या नाहीत ना, ते आधी मोजा.

फाइल आणताना बायनरी मोड, म्हणजे बाइट जसेच्या तसे; टेक्स्ट मोडमध्ये ते वाटेतच रूपांतरित होतात. यावर चर्चाच नको. एका कामात आमच्याकडून ती टेक्स्ट मोडने आली होती. लोड झाली, थोडे रेकॉर्ड नाकारले गेले, आणि नाकारलेल्यांत काही सूत्र दिसेना. दोन दिवसांनी एकीच्या लक्षात आलं की मूळ फाइलीत त्यातल्या बहुतेकांची शिल्लक अडीचशे किंवा पंचवीस हजार आहे. फील्ड होतं एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ (चिन्ह, सात अंक आणि दोन दशांश), पाच बाइटांचं. २५०.०० त्यात ०० ०० २५ ०० ०सी असं बसतं, शेवटचं सी म्हणजे अधिक चिन्ह. आणि २५ हा बाइट एब्सिडिकमध्ये नवी ओळ! रूपांतर करणाऱ्याने प्रामाणिकपणे तिथे ओळ मोडली होती. त्याहून वाईट ते जे नाकारले गेले नाहीत. ४० हा बाइट म्हणजे एब्सिडिकमधली मोकळी जागा, तिचं आस्कीत (इतर संगणकांच्या संकेतनात) २० होतं. रकमेच्या मधल्या अंकांत ४० आलं की तिथे गुपचूप २० बसलं. कुठलाही एरर नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: रूपांतर फाइलचं करायचं नाही, फील्डचं करायचं. मजकुराच्या फील्डला कोड पेज लागतं, पॅक्ड आणि बायनरी फील्डला लागत नाही.

व्हेरिएबल लांबीची फाइल असेल तर आरडीडब्ल्यू सोबत मागा. प्रत्येक रेकॉर्डच्या डोक्यावरचे हे चार बाइट. पहिल्या दोनांत लांबी, स्वतःचे चार धरून. फाइल पाठवणारं एफटीपी बायनरीत ते सहसा गाळून टाकतं, वेगळं सांगावं लागतं. ते गेले तर एक रेकॉर्ड कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, हे कळायला मार्ग नाही.

लोडच्या बाजूला कॉलमांच्या रुंदीकडे बघा. ०३७ मध्ये एका बाइटाचं स्वराघाती अक्षर नव्या बाजूच्या यूटीएफ-८ संकेतनात दोन बाइट घेतं, म्हणून तीस बाइटांचं नाव तीस बाइटांच्या कॉलमात मावेलच असं नाही. लो-व्हॅल्यूज, म्हणजे ०० बाइट, मजकुरात असतील तर पोस्टग्रेस डेटाबेस ते घेतच नाही; त्यांचं काय करायचं हे आधी ठरवा. बायनरी कॉम्प फील्डात मोठा बाइट आधी असतो. पायथन वापरणार असाल तर ०३७, ५००, ११४० सोबतच येतात, १०४७ येत नाही; ऐन वेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. झोन्ड आकड्यांची (एका बाइटाला एक अंक) अधिक-उणेची खूण शेवटच्या बाइटात असते: उणे १२३ हे एफ१ एफ२ डी३, म्हणजे मजकूर म्हणून ‘१२एल’. अधिक १२० ची शेपटी ०३७ मध्ये महिरपी कंस दिसते, तर २७३ मध्ये दोन टिंबांचा जर्मन ए. रकमेत अक्षर दिसलं म्हणून साफसफाई करणारा उत्साही माणूस संघात असतोच. त्याला हे आधी सांगा.

चाचणीच्या बेरजा मेनफ्रेमवरच काढून घ्या, फाइल हलवण्यापूर्वी. मेनफ्रेमवरच्या आइसटूल या साधनाच्या स्टॅट्सने किमान, कमाल, सरासरी, एकूण सगळं मिळतं. रेकॉर्डसंख्या जुळणं ही किमान अट आहे, पुरावा नव्हे. प्रत्येक रकमेच्या फील्डची बेरीज, उणे रकमांची संख्या वेगळी, शून्य तारखा किती, हे सगळं हवं. ज्युलियन तारीख (वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस) असेल तर २४०६० निवडून तपासा, ती २९ फेब्रुवारी २०२४ यायला हवी. दहा रेकॉर्ड हेक्समधून हाताने उलगडा. कंटाळवाणं आहे, पण दशांश बिंदू एका घराने सरकलेला त्यातच सापडतो. मजकुराची फील्डं परत एब्सिडिकमध्ये नेऊन मूळ बाइटांशी ताडा. दोन्हीकडच्या याद्या क्रमाने लावून तुलना करणार असाल तर थांबा: एब्सिडिकमध्ये लहान अक्षरं आधी, मग मोठी, शेवटी आकडे, आस्कीत बरोबर उलटं. दोन्ही बाजू एकाच नियमाने लावल्याशिवाय फरकांचा अहवाल छापूही नका. आणि मूळ बायनरी फाइल तिच्या चेकसमसकट (फाइल बदलली नाही हे पडताळणाऱ्या आकड्यासकट), फक्त वाचण्याच्या परवानगीने, बाजूला ठेवा; दुसऱ्यांदा लोड करावं लागेल तेव्हा ती पिढी मेनफ्रेमवरून गेलेली असेल.