जुनी पद्मिनी घरी उभी करताना

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला घेतलेल्या माणसाचे काम बहुधा गाडी पूर्ण सुटी झाल्यावर थांबते. पहिल्या उत्साहात दारे, काचा, सीट, वायरिंग आणि इंजिन सगळे बाहेर काढले जाते, खोक्यांत भरले जाते, आणि वर्षभराने कोणता बोल्ट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात कामाच्या क्रमावर अधिक भर दिला आहे. गाडी शक्य तितका काळ चाकांवर, ढकलता येईल अशा स्थितीत ठेवावी, एका वेळी एकच यंत्रणा उघडावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये.

उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेतली आहे, कारण घरच्या कामाला इतकी सोयीची दुसरी गाडी महाराष्ट्रात सहज सापडत नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात साठच्या दशकात ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून सुरू झालेले हे मॉडेल १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकले गेले आणि शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. एकच कार्ब्युरेटर, मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. संगणकाचा कुठेही संबंध नसल्यामुळे पाने, फीलर गेज (बारीक फट मोजायची पाती) आणि मल्टिमीटर एवढ्यावर बहुतेक निदान होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग आणि कारागीर दोन्ही अनेक वर्षे मुबलक होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. भाग अजूनही मिळतात, पण ते दिसले तेव्हा घेऊन ठेवावेत.

कागद आणि पत्रा

व्यवहार ठरवण्यापूर्वी आरसी पुस्तकातील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. इंजिन मध्येच कधीतरी बदललेले असेल आणि त्याची नोंद आरटीओत झालेली नसेल, तर तो प्रश्न पुढे कोणत्याही यांत्रिक बिघाडापेक्षा जास्त त्रास देतो.

त्यानंतर पत्रा पाहावा. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही; बॉडीच सगळा भार वाहते. त्यामुळे गंज हा येथे शोभेचा दोष न राहता ताकदीचा दोष होतो. दाराखालचे पोकळ सिल, पायाखालचा पत्रा, बॅटरीखालची जागा, डिकीचा तळ, मागचे पाटे जेथे बॉडीला धरलेले असतात ते कोपरे आणि जॅक लावण्याच्या जागा यांवर बोटाने दाब द्यावा, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून आवाज ऐकावा आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. चुंबक जेथे धरत नाही तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. कोकणपट्टीतील आणि मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खारट हवेमुळे हा गंज आतून सुरू होतो. देशावरची, छपराखाली उभी राहिलेली बंद गाडी अनेकदा किनाऱ्यावरच्या चालू गाडीपेक्षा चांगली निघते. माझे मत असे की, इंजिन जाम असलेली पण पत्रा निरोगी असलेली गाडी घ्यावी आणि उलट स्थितीतील गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडावी.

जागा आणि शिस्त

पक्की, सपाट फरशी आणि डोक्यावर छप्पर एवढे पुरे आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करायचे असल्यास वेल्डिंग आणि रंगकाम तेथे होणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि आत शिरण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहावी. घोड्यांऐवजी विटा रचण्याची पद्धत सर्रास दिसते, पण वीट एका क्षणात फुटते.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे दोन-तीन बाजूंनी छायाचित्र घ्यावे, बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावावी, आणि शक्य तेथे बोल्ट त्याच्याच भोकात चार आटे फिरवून परत बसवून ठेवावा. खराब झालेला जुना भागही नवा बसून व्यवस्थित चालेपर्यंत टाकू नये, कारण बाजारात मिळणारा नवा भाग हुबेहूब असतोच असे नाही.

बंद पडलेले इंजिन जागे करणे

अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच सेल्फ मारणे हा सर्वांत महागात पडणारा उतावीळपणा आहे. आधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे आणि दोन-चार दिवस मुरू द्यावे. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, प्लग काढलेलेच ठेवून, हळूहळू पुढे-मागे ढकलावी. इंजिन फिरू लागले तर उत्तम. न फिरल्यास जोर न लावता पुन्हा तेल सोडून थांबावे. धक्के देऊन सोडवलेले इंजिन पिस्टनची रिंग तोडून बसते.

इंजिन मोकळे झाले की जुने ऑइल गाळून टाकावे आणि २०डब्ल्यू-५० ग्रेडचे साधे मिनरल ऑइल भरावे. महागडे पातळ सिंथेटिक ऑइल या इंजिनाच्या जुन्या सीलमधून पाझरते आणि त्याचा फायदाही काही होत नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावे. येथे मोठ्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधील सारखेपणा महत्त्वाचा असतो. एखादा सिलिंडर बराच मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर झिजले आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड पॅकिंग गेले आहे. एवढ्या एका चाचणीवरून इंजिन पूर्ण उतरवायचे की फक्त हेड काढायचे, हे ठरते आणि कित्येकदा महिन्याचे काम वाचते.

हेड काढावे लागल्यास ते इंजिन पूर्ण थंड असतानाच काढावे. नट एकाच वेळी पूर्ण न सोडता, थोडे थोडे करून, कडेकडून मधोमध येत सोडावेत; बसवताना उलट, मधून बाहेर जात, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळावेत. अ‍ॅल्युमिनियमचे हेड एकदा तापले की वाकते. म्हणून सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेजचे पान शिरते का ते पाहावे, आणि शिरत असेल तर हेड लेथवाल्याकडे देऊन फेस करून घ्यावे. व्हॉल्व्ह घासणे घरी जमते; बोअर करणे, क्रँक घासणे आणि व्हॉल्व्ह सीट बदलणे ही कामे मात्र मशीन शॉपचीच. सीट बदलायचीच असेल तर कडक धातूची घालावी, कारण या इंजिनाची रचना शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे आणि ते पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले.

रेडिएटरमध्ये नळाचे पाणी भरण्याची सवय टॅक्सीवाल्यांपासून घरच्या मालकांपर्यंत सर्वांना होती. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम हे दोन धातू अशा पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि हेडमधील पाण्याचे मार्ग कुरतडले जातात. त्यामुळे रेडिएटर साफ करून घेतल्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेले कूलंटच वापरावे.

पेट्रोलची वाट

टाकीतील जुने पेट्रोल वॉर्निशसारखे चिकट झालेले असते. टाकी उतरवून धुवावी, आतील गंज काढावा, आणि ती कितीही कोरडी वाटली तरी तिच्यावर घरी वेल्डिंग करू नये. आत उरलेली वाफ स्फोटाला पुरेशी असते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते, हवेतील ओलावा ओढून घेते आणि टाकीच्या तळाशी गंज वाढवते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे घालावे, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवावे. कार्ब्युरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालू नये. भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब एवढ्यावर काम भागते.

ब्रेक आधी, वेग नंतर

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात गाडी गल्लीत फिरवून आणण्याचा मोह होतो. ब्रेकचे काम होईपर्यंत तो टाळावा. या पिढीच्या गाड्यांत ब्रेकची हायड्रॉलिक लाइन एकच असल्यामुळे एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. चारही ड्रम उघडावेत. लायनिंगची धूळ हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. सर्व व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर यांचे रबर किट एकदम बदलावे, तिन्ही-चारही रबरी होज नवे घालावेत आणि लोखंडी नळीवर गंजाचे खड्डे दिसले तर तीही बदलावी. एकच गळका सिलिंडर बदलून बाकीचे तसेच ठेवणे ही बचत नव्हे. नव्या सिलिंडरमुळे दाब वाढतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा गळू लागतो. ब्रेक ऑइल डीओटी ३ किंवा ४ घालावे, इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नये, आणि हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलून काढते.

पुढच्या सस्पेन्शनमधील कॉइल स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडू नये; तिच्यात साठलेला जोर माणसाला गंभीर इजा करू शकतो आणि हे काम निःसंकोचपणे गॅरेजला द्यावे. बुश, पाट्यांच्या शॅकल आणि ग्रीसचे निपल मात्र घरी सहज होतात. वायरिंगमध्ये पाहायचे ते इतकेच, की कडक होऊन तडकलेली वायर ठेवू नये, बॅटरी काढताना आधी अर्थची तार सोडावी, आणि निम्मे विजेचे दोष खराब अर्थमुळेच असतात, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यातील जोड पत्रा चकचकीत घासून पुन्हा आवळावा.

गंज काढणे आणि पत्रा जोडणे

गाडी चालू आणि थांबती झाल्यावरच पत्र्याला हात लावावा. ब्रॅकेट, बिजागऱ्या, बोल्ट असे सुटे लोखंडी भाग विजेने साफ करण्याची पद्धत घरी फार उपयोगी पडते. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडावी, दोन्ही एकमेकांना चिकटू न देता काही तास ठेवावे. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. या क्रियेत हायड्रोजन निघत असल्यामुळे बादली उघड्या हवेत ठेवावी आणि तारा हलवण्यापूर्वी चार्जर बंद करावा.

बॉडीवरील वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून फॉस्फोरिक आम्ल असलेले रस्ट कन्व्हर्टर लावता येते; भोक पडलेल्या पत्र्यावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. तेथे निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावे लागते आणि त्याच जाडीचा तुकडा बसवावा लागतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती जोडून घ्यावी, अन्यथा बॉडी मधोमध किंचित खचते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. पातळ पत्र्याला मिग (सतत पुढे सरकणाऱ्या तारेने होणारे) वेल्डिंग चांगले. सलग न ओढता एकेक टाका दूरदूर घालत जावे, म्हणजे उष्णता एका जागी साचून पत्रा वळत नाही. जुने कारागीर गॅसवर हेच काम सुबक करतात, पण तो हात वर्षांनी येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी, आसपासचे रेक्झिन आणि फोम बाहेर काढावे, आणि अग्निशामक हाताशी असावा. जोड पूर्ण झाल्यावर एपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर आणि पोकळ भागांत आतून मेण फवारावे. पोकळ भागातील हा थर बहुतेक लोक वगळतात आणि म्हणूनच चार पावसाळ्यांत तोच गंज परत येतो. पुट्टी शेवटी आणि पातळ लावावी.

प्रायमरपर्यंतचे काम घरी करावे आणि अंतिम रंग बूथ असलेल्या कारागिराकडून घ्यावा. आजचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन रंग आयसोसायनेट या श्वासाला घातक रसायनाने युक्त असतात आणि साध्या कापडी मास्कने त्यांच्यापासून संरक्षण होत नाही. पावसाळ्यात रंग मारूच नये. दमट हवेत रंगावर पांढरट छटा येते.

रस्त्यावर आणि आरटीओत

पहिल्या काही फेऱ्या जवळच्या, कमी वेगाच्या ठेवाव्यात. दरवेळी परतल्यावर गळती, चाकांचे नट आणि ड्रमची उष्णता हाताने तपासावी. एकच ड्रम तापत असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकतो आहे.

नोंदणीला पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. प्रथम नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षे चालते. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. मात्र विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. त्यामुळे गाडी रोज बाजाराला किंवा रविवारी लोणावळ्याला न्यायची असेल, तर वय बसत असले तरी साधीच नोंदणी चालू ठेवावी.