अकरावीला ‘मॅकबेथ’ लागलं असेल तर

ठाण्यात आयएससी बोर्डाच्या अकरावीला इंग्रजी साहित्य घेतलं आणि शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ हातात आलं, की बहुतेक जण आधी गाईड आणतात. आणा, हरकत नाही. पण नाटक मिटून ठेवून नुसतं गाईड वाचू नका. गोष्ट सरळच आहे: स्कॉटलंडचा एक शूर सरदार, तीन चेटकिणींचं भाकीत, राजा डंकनचा खून, आणि तो पचवायला पुढचे खून. एवढं तासाभरात कळतं. नाटक मात्र ओळी मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते.

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश काढा. मॅकबेथ खून करून आलाय, बायको वाट बघतेय. ‘डिड नॉट यू स्पीक?’ ‘व्हेन?’ ‘नाऊ.’ ‘ॲज आय डिसेंडेड?’ गाईडात याचं एक वाक्य होतं: दोघं घाबरली आहेत. पण हे चार तुकडे जोडले तर छंदाची एकच ओळ बनते. म्हणजे मध्ये थांबायला जागाच नाही, एकाचा शब्द संपतो न संपतो तोच दुसऱ्याने उचलायचा. मी आणि मैत्रिणीने उपवन तलावाच्या कट्ट्यावर हे वाचलं. आधी प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतो, तर नुसती चौकशी वाटत होती. सलग म्हटलं आणि दोघींचाही आवाज आपोआप खाली आला. मग ‘इथे तणाव कसा निर्माण होतो?’ या प्रश्नाचं उत्तर पाठ करावं लागलं नाही.

त्यासाठी छंदाची जुजबी माहिती हवी. ओळीत साधारण दहा सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, हलका-जड असे पाच ठेके. मराठीतली वृत्तं शिकलेल्यांना लघु-गुरू मोजायची सवय असते. इथे लांबी नाही, आघात मोजायचा. चेटकिणी बोलतात तेव्हा ठेका उलटा होतो, जड आधी, आणि ओळही आखूड. ‘डबल, डबल, टॉइल अँड ट्रबल’ म्हणून पाहा.

लेडी मॅकबेथचं तर वेगळंच. खुनाच्या रात्री ती छंदात, थंडपणे सांगते की थोडंसं पाणी घेतलं की हे धुऊन निघेल. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात तीच झोपेत चालत हात चोळत राहते, अरबस्तानातली सगळी अत्तरंसुद्धा हा लहानसा हात सुवासिक करू शकणार नाहीत म्हणते. आणि तिथे तिचं बोलणं गद्यात आहे! छंदच सुटलाय. ही दोन पानं समोरासमोर ठेवून वाचा. मला अख्ख्या नाटकात याहून करुण काही सापडलेलं नाही.

इतिहास बेताचाच पुरतो. नाटक साधारण 1606 चं. स्कॉटलंडचा जेम्स 1603 मध्ये इंग्लंडच्याही गादीवर आला होता आणि त्याचं घराणं स्वतःला बँकोचे, म्हणजे नाटकातल्या मॅकबेथच्या सोबती सरदाराचे, वंशज म्हणवत असे. ज्या होलिनशेडच्या बखरीवरून शेक्सपिअरने कथा घेतली, तिच्यात बँको खुनाच्या कटात सामील आहे. नाटकात तो कटात नाही. बँकोवर प्रश्न आला तर हे जरूर लिहा.

रेफरन्स टू कॉन्टेक्स्टसाठी, म्हणजे दिलेल्या ओळींचा संदर्भ सांगायच्या प्रश्नासाठी, समासात पेन्सिलने कोण कोणाला म्हणतंय आणि त्याच्या लगेच आधी काय घडलंय, एवढंच टिपून ठेवा. पूर्ण पॅराफ्रेज, म्हणजे ओळींचा आपल्या शब्दांतला अर्थ, लिहीत बसू नका, त्यात ओळ हरवते. उत्तरात अवतरण तीन-चार शब्दांचं पुरे, पण ते नेमकं हवं.

शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलंय, 1954 मध्ये. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात त्याची चौकशी करा. पण पाचही अंक इंग्रजीत वाचून झाल्यावरच घ्या. आधी वाचलं तर मॅकबेथच्या ओळी ऐकायच्या राहून जातात.