सांडपाण्याचे तळे खोदण्याआधीची तयारी

गावच्या नाल्यांचे सांडपाणी काही दिवस थांबवून ऊन आणि शेवाळ यांच्या मदतीने शुद्ध करणाऱ्या तळ्याविषयी हे टिपण आहे. ग्रामसभेचा ठराव, गायरानाचा सातबारा आणि मोजणी यांविषयी येथे लिहीत नाही. त्यांच्याशिवाय काम सुरूच होत नसल्याने त्या कोणी विसरत नाही. विसरले जाते ते तळे पहिल्यांदा भरायचे पाणी. आमच्या गावात ते मीच विसरलो होतो.

आमचे तळे एप्रिलअखेर खोदून आणि दाबून तयार झाले, आणि नाल्यांची जोडणी राहिली म्हणून महिनाभर कोरडे पडले. मराठवाड्याची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही रोलरने दाबलेल्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आमच्यापैकी कोणालाही ते सुचले नाही. पुढे सांडपाणी सोडले तेव्हा ते भेगांतून खालच्या मुरमात उतरले आणि खालच्या अंगाच्या विहिरीला वास येऊ लागला.

म्हणून आधी हिशेब करावा. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर पाणी आणि त्यातले 80 टक्के नालीत, असे धरले तर 1,800 लोकसंख्येच्या गावातून रोज सुमारे 79 हजार लिटर सांडपाणी निघते. ते 20 दिवस थांबवायचे तर जवळजवळ 16 लाख लिटरचे तळे लागते, म्हणजे दीड मीटर खोली धरून साधारण साडेदहा गुंठे, बांधांची जागा वेगळी. हेच तळे 10 हजार लिटरच्या टँकरने भरायचे तर 160 खेपा होतात, आणि ज्या गावाला उन्हाळ्यात प्यायलाच टँकर लागतो तिथे अशा कामासाठी पाणी मागायला तोंड राहत नाही. तेव्हा तळाचे दाबकाम दिवाळीनंतर, ओढ्याला आणि विहिरींना पाणी असताना संपवावे; विहीरमालकाची लेखी संमती, मोटार आणि पाइप यांची सोय जेसीबी बोलावण्याआधी झालेली असावी; आणि रोलर निघाला की त्याच दिवशी पाणी सुरू करावे. तळे पूर्ण भरत नसेल तर निदान तळ झाकेल एवढे तरी पाणी हवेच. त्याचा दुसरा लाभ असा की विहिरीच्या पाण्यात शेवाळ आधी धरते आणि मग सांडपाणी हळूहळू सोडता येते. थेट सांडपाण्यानेच भरलेले तळे सुरुवातीलाच कुजते आणि गाव नाक धरून तक्रारीला येते.

जागा वस्तीपासून किमान 200 मीटर लांब आणि शक्यतो अशी असावी की वारा गावाकडून तळ्याकडे जाईल. पाणी 1 मीटरपेक्षा उथळ राहिले तर तळातून गवत वर येते आणि डास वाढतात, म्हणून खोलीत काटकसर करू नये. बांधाचा आतला उतार 1:3 (1 उभा, 3 आडवा) ठेवून पाण्याच्या रेषेवर दगड लावावेत. नालीच्या तोंडाशी जाळी हवी आणि ती रोज साफ करणारा माणूस पगारासह ठरलेला असावा; नुसती जाळी बसवून काही होत नाही.

गळती तपासण्यासाठी तळ्याचे पाणी भरलेली बादली, काठ वर राहील अशी, तळ्यातच ठेवावी. पाऊस नसताना आणि नाली बंद असताना बादलीपेक्षा तळ्याची पातळी जास्त उतरली, तर तळ गळतो आहे. ही तपासणीही तळ्यात पाणी असेल तरच करता येते, म्हणून विहीरमालकाची संमती पुन्हा एकदा पक्की करून घ्यावी.

पुढचे थोडक्यात. बांधावर झाडे लावू नयेत, कुंपण घालावे. पाणी हिरवे असेल तर ठीक. करडे किंवा गुलाबी झाले तर तळ्यावर सांडपाण्याचा भार जास्त आहे. बांबूला पांढरे फडके गुंडाळून तो तळापर्यंत उभा बुडवावा आणि फडक्यावरच्या गाळाच्या खुणेवरून वर्षातून एकदा गाळाची जाडी मोजावी.