थीम पार्कची जुनी तिकिटं सापडली? आधी या चुका टाळा

कपाट आवरताना जुन्या सहलीचं न वापरलेलं तिकीट हाती लागतं आणि पुढच्या तासाभरात माणसं त्याची वाट लावतात. माझ्याकडे विचारायला येतात ते नुकसान करून झाल्यावर.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो लॅमिनेशन पाहून. माझ्या मावसबहिणीने दोन कोरी तिकिटं 'नीट राहावीत' म्हणून लॅमिनेट करून घेतली. अशी बरीच तिकिटं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यात शाई नसते, उष्णता लागली की कागदच काळा पडतो. मशीनमधून बाहेर आले ते प्लॅस्टिकमध्ये बंद झालेले दोन काळेकुट्ट तुकडे. दिव्यासमोर तिरकं धरधरून आम्ही नंबर वाचायला बसलो, तीन आकडे लागले. शेवटी खरेदीचा जुना ईमेल सापडला, त्यात ऑर्डर नंबर होता, म्हणून निभावलं. तेव्हापासून तिकीट हातात पडलं की मी आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढते आणि पावतीसकट ते साध्या कागदी पाकिटात ठेवते. मऊ प्लॅस्टिकच्या पाऊचमध्येही नको, त्यानेसुद्धा छपाई उडते. मागे चुंबकीय पट्टी असेल तर लोहचुंबकाच्या जवळ ठेवू नका.

दुसरी चूक, 'मुदत संपली' म्हणून फेकून देणं. मुदत संपली म्हणजे पैसे बुडालेच असं नाही. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं तिकीट पूर्ण कोरं असेल, तर मुदत उलटल्यावरही त्यासाठी भरलेली रक्कम नव्या तिकिटाच्या किमतीतून वळती करता येते. वरचा फरक तेवढा भरायचा. 2015 पर्यंत तिथे जादा पैसे भरून 'मुदत नसलेली' तिकिटंही मिळायची. त्यांचे उरलेले दिवस आजही चालतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1985 सालचा बक्षिसाचा पास घेऊन एक बाई 2017 मध्ये गेल्या होत्या, त्यांना आत सोडलं. प्रत्येक पार्कचे नियम वेगळे, म्हणून जाण्याआधी तिकिटाचा नंबर कळवून विचारा. गेटवर रांग अडवून वाद घालू नका.

अर्धवट वापरलेलं तिकीट विकू नका, विकतही घेऊ नका. बहुदिवसीय तिकीट ज्याने पहिल्या दिवशी वापरलं त्याच्याच नावावर चालतं, आणि फ्लोरिडात अशी विक्री कायद्याने गुन्हा आहे.

विक्रीसाठी बारकोड दिसेल असा फोटो टाकणं ही तर शुद्ध घाई. कोणीही तो वापरून आत जाऊ शकतो. बारकोड आणि नंबर झाकूनच फोटो टाका.

आता कूपनांच्या पुस्तिकांबद्दल. डिस्नेलँड 1955 मध्ये उघडलं, तेव्हापासून काही महिन्यांतच प्रत्येक राइडसाठी वेगळं कूपन लागायचं. 1959 मध्ये त्यात सर्वांत महागडं 'ई' कूपन आलं आणि 1982 मध्ये ही पद्धतच बंद झाली. अशी पुस्तिका मिळाली तर एकही पान फाडू नका, पिना काढू नका, गंज पुसायलाही जाऊ नका. संग्राहक अखंड पुस्तिकेला कूपनावर छापलेल्या किमतीहून बरंच जास्त देतात. सुटी कूपनं घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, 'मुखपृष्ठ कुठाय?' बहुतेकांनी ते आदल्या दिवशीच रद्दीत दिलेलं असतं.