सकाळपासून फायली उडवतोय, तरी सी ड्राइव्ह लालच!

मार्चअखेरीचे दिवस होते. मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात आणि हिशेबाची धांदल त्याहून जोरात. अशात एका पेढीवरच्या दिवाणजींचा फोन आला. "भाऊ, सकाळपासून फायली उडवतोय, पण कॉम्प्युटर म्हणतोय जागाच नाही. बॅकअप घेईना. जरा येऊन जावा."

गेलो. कीबोर्ड हळदीच्या धुरळ्यानं पिवळा पडलेला, स्पेसबारवर अंगठ्याएवढाच काळा ठिपका शिल्लक. 'धिस पीसी' उघडलं. सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज जिथं बसलेलं असतं तो डिस्कचा भाग, १११ जीबीचा, मोकळे जेमतेम २ जीबी, पट्टी लालभडक. डेस्कटॉप मात्र चकाचक. दिवाणजींनी खरंच झाडून काढला होता. कोपऱ्यातलं रीसायकल बिन तेवढं कागदांनी भरलेलं दिसत होतं. त्यात २३ जीबी निघाले. त्यावर राइट क्लिक करून 'एम्प्टी रीसायकल बिन' दाबलं आणि मिनिटाभरात पट्टी निळी झाली.

दिवाणजी बघत राहिले. "म्हणजे मी नुसतं इकडचं पोतं तिकडं ठेवत होतो व्हय?"

होय, तेच. सांगलीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका वगैरे जुळवायचं छोटं दुकान आहे, त्यामुळे अशी पोती मी बरीच हलवली आहेत, स्वतःचीसुद्धा. जागा मोकळी करायची रीत खाली सांगतो, पण आधी आत काय घडतं ते बघू. ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज पडत नाही.

डिलीट दाबल्यावर आत काय होतं

नुसतं डिलीट दाबलं की फाइल त्याच ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फोल्डरात जाते. रीसायकल बिन म्हणजे तेच फोल्डर. फाइल जिथं होती तिथंच असते, फक्त तिचा पत्ता बदलतो. म्हणून जागा एक केबीनंही वाढत नाही.

बिन रिकामं केल्यावर (किंवा शिफ्ट दाबून धरून डिलीट केल्यावर) मात्र खरी नोंद निघते. विंडोज डिस्कचे छोटे छोटे तुकडे पाडून ठेवतं, बहुतेक वेळा ४ केबीचे. त्यांना क्लस्टर म्हणतात. कुठली फाइल कुठल्या तुकड्यांवर आहे याची एक वही असते आणि कुठले तुकडे भरलेले, कुठले मोकळे याचा वेगळा तक्ता असतो. फाइल काढली की वहीत तिची नोंद 'वापरात नाही' अशी होते आणि तक्त्यात तिचे तुकडे 'मोकळे' लागतात. संपलं काम. तुकड्यांवरची माहिती कुणी पुसत बसत नाही. २० जीबीचा व्हिडिओ कॉपी करायला अर्धा तास लागतो आणि उडवायला दोन सेकंद, ते याचमुळे.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावरून नाव उतरलं, पण रानात ऊस उभाच आहे. कागदोपत्री जमीन मोकळी, म्हणून नव्या मालकाला ती मिळू शकते. जुना ऊस कधी मोडणार? नवा मालक ट्रॅक्टर घालेल तेव्हा. तोवर गेलेली फाइल परत मिळवता येते. जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर हा ऊस कधीकधी महिनोन्‌महिने उभा असतो. एसएसडीवर, म्हणजे तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कवर तसं नाही. तिथं विंडोज 'ट्रिम' नावाची आज्ञा देऊन डिस्कला सांगतं की हे तुकडे आता नकोत, आणि डिस्क ते स्वतःहून साफ करून टाकते. म्हणजे फेरफार झाला त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर दारात.

आता कामाला लागू.

१. आधी मोजा

विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज. थोडा वेळ थांबलात की कशानं किती जागा खाल्ली ते पट्ट्यांमध्ये दिसतं. सुरुवातीचा मोकळा आकडा कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तासाभरानं फरक पडला की नाही यावर घरात वाद होतो.

एक शंका इथंच मिटवून टाकतो, कारण महिन्यातून एकदा तरी कुणीतरी तावातावानं ती घेऊन येतं: "५०० जीबीची डिस्क घेतली, दिसते ४६५. दुकानदारानं फसवलं." फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. त्यामुळे ५०० चे ४६५ दिसतात, १ टीबीचे ९३१ आणि दिवाणजींच्या १२० चे १११. डिस्क तेवढीच असते, मापं दोन.

२. मोठं आधी शोधा

लोक हमखास चुकतात ते इथं. वर्डच्या चिठ्ठ्या, जुनी पत्रं, पोराचा बायोडेटा असलं निवडून निवडून उडवतात. पन्नास केबीच्या हजार फायली उडवल्या तरी ५० एमबीच सुटतात. पुतण्याच्या लग्नाचा ४ जीबीचा एकच व्हिडिओ बाहेर काढला, तर तसल्या ८० हजार चिठ्ठ्या उडवल्यासारखं होतं.

सी ड्राइव्ह उघडा, वर उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत साइझ, कोलन, 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आणि १जीबी असं मधे जागा न सोडता लिहा. एक जीबीवरच्या सगळ्या फायली समोर येतात. कुठल्या फोल्डरात किती भरलंय हे चित्रात बघायचं असेल तर विनडिरस्टॅट नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे. रंगीत चौकोनांतला सगळ्यात मोठा चौकोन कुठला ते बघायचं, बस्स.

कुठं हात घालायचा? डाउनलोड्स फोल्डरात पहिल्यांदा. एकच वीजबिल चार वेळा उतरवलेलं, तोच सातबारा सहा वेळा, आणि नावापुढं कंसात १, २, ३. मग डेस्कटॉप. डेस्कटॉप म्हणजे वेगळी जागा असं पुष्कळांना वाटतं, पण तो सी ड्राइव्हवरच असतो, डॉक्युमेंट्सही तिथंच. हिशेबाच्या प्रोग्रामचे रोजचे बॅकअप सी ड्राइव्हवरच साठत असतील तर शेवटचे दोन-तीन ठेवून बाकीचे बाहेरच्या डिस्कवर टाका. चालू वर्षाच्या डेटा फोल्डरला मात्र हात लावायचा नाही, कितीही फुगलेलं असलं तरी.

माझ्या धंद्यातल्यांसाठी दोन ओळी जास्त. कोरल ड्रॉ फाइल सेव्ह करताना 'बॅकअप ऑफ' या नावानं जुनी प्रत शेजारी ठेवतं. वर्षभराच्या पत्रिकांमागे तेवढ्याच बॅकअप फायली साठलेल्या असतात. आणि फोटोशॉप मधेच बंद पडलं की 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या अगडबंब फायली मागे राहतात. फोटोशॉप बंद करून त्या खुशाल उडवा. माझ्याकडं एकदा अशा तीनच फायलींत १९ जीबी सापडले होते.

३. आयकॉन उडवणं म्हणजे प्रोग्राम काढणं नव्हे

डेस्कटॉपवर ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो तो नुसता शॉर्टकट. तो उडवला म्हणजे घरावरची पाटी काढली, घर तिथंच. खरा प्रोग्राम काढायला सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडा, यादी आकारानुसार लावा आणि नको त्यावर 'अनइन्स्टॉल' करा. पोरं मोठी होऊन पुण्याला गेली, त्यांचे गेम्स अजून यादीत वरच्या नंबरावर, असं घरोघरी दिसतं.

४. विंडोजचा स्वतःचा कचरा

परत सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, आणि तिथं 'टेम्पररी फाइल्स'. यादी येते. प्रत्येकापुढं आकडा असतो, रीसायकल बिनचाही. हवं त्यावर खूण करून 'रिमूव्ह फाइल्स' दाबायचं. खूण करताना डोळे उघडे ठेवा, कारण याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. घाईत त्यावर खूण झाली तर बँकेचं स्टेटमेंट, पोराचं हॉल तिकीट, सगळं एका दमात जातं.

'प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर समजा की लॉटरी लागली. मोठं अपडेट झाल्यावर जुनं विंडोज तसंच ठेवलेलं असतं, दहा-वीस जीबी सहज. साधारण १० दिवसांनी ते आपोआप जातं. नवं नीट चालत असेल तर आधीच काढा, फक्त मग जुन्यावर परत जाता येत नाही.

५. बिन रिकामं करा, पण एकदा आत बघून

बिन उघडा, तारखेनुसार लावा, वरवर नजर टाका, मग रिकामं करा. एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन जणांची खाती असतील तर प्रत्येकाचं बिन वेगळं असतं. तुम्ही तुमचं रिकामं केलंत, तरी धाकट्याच्या बिनमधले सिनेमे तसेच राहतात. त्याला त्याच्या खात्यातून रिकामं करायला लावा.

पेन ड्राइव्हवरून उडवलेली फाइल मात्र सहसा बिनमध्ये येतच नाही, सरळ जाते. तिथं हात जपून.

तरीही आकडा हलत नसेल तर

कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा. एखादी फाइल कुठल्यातरी प्रोग्रामनं धरून ठेवलेली असते. मग 'सिस्टिम प्रोटेक्शन' बघा, रिस्टोर पॉइंटसाठी (बिघाड झाल्यास विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याच्या नोंदींसाठी) तिथं जागा राखलेली असते आणि ती कमी करता येते. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फायली ऑनलाइन ठेवायची सोय) चालू असेल तर त्यातली फाइल उडवू नका, ती ऑनलाइनही जाते. त्याऐवजी राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फाइल वर राहते, खालची जागा सुटते.

आणि सी ड्राइव्हवरच एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवलं तर काही होत नाही, हे आता सांगायला नको. डी ड्राइव्हवर हलवलं तर सी मोकळा होतो. पण दोन्ही एकाच डिस्कचे भाग असतील तर डिस्क गेल्यावर दोन्ही जातात, म्हणून डीवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

विंडोज फोल्डर, त्यातलं विनएसएक्सएस, प्रोग्राम फाइल्स, पेजफाइल यांना हातानं काही करू नका. "हे काय इंग्रजीत लिहिलंय, काही कामाचं दिसत नाही" म्हणून उडवलेल्या फायलींवर माझी बरीच बिलं निघाली आहेत. सी ड्राइव्हचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा, असा माझा आडाखा.

चुकून उडवलं तर

बिनमध्ये असेल तर राइट क्लिक, 'रिस्टोर', विषय संपला. बिनमध्ये नसेल तर कॉम्प्युटरवर काम करणं तिथंच थांबवा. नवीन काही डाउनलोड करू नका, अगदी फाइल परत मिळवायचा प्रोग्रामसुद्धा त्याच ड्राइव्हवर नको. तोच ट्रॅक्टर ठरतो. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि तिथून फोटोरेक किंवा रेकूव्हा चालवायचं. फिरत्या डिस्कवर बऱ्यापैकी हाती लागतं.

एसएसडीवर माझा अनुभव कडू आहे. ऐन लग्नसराईत, रात्री साडेदहाला, जागा करायच्या नादात शिफ्ट-डिलीट मारलं आणि दुसऱ्या दिवशी छापायला जाणाऱ्या पत्रिकेचंच फोल्डर गेलं. दहा मिनिटांत परत मिळवायला बसलो. फायलींची नावं सगळी सापडली, गणपतीच्या श्लोकापासून आहेर आणू नये या ओळीपर्यंत काय काय होतं ते नावांवरून कळत होतं, पण उघडल्यावर आत निव्वळ शून्यं. पहाटे साडेचारपर्यंत बसून पत्रिका पुन्हा जुळवली. तेव्हापासून माझा अंगठा शिफ्टवर जात नाही.

कॉम्प्युटर विकताना किंवा भंगारात देताना

इथं गणित उलटं होतं. आता जुना ऊस उभा राहायला नको. नुसतं डिलीट आणि क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यात फक्त नोंदी जातात. सेटिंग्जमधून 'रीसेट धिस पीसी' घ्या, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. वेळ भरपूर लागतो, रात्री लावून झोपा. फिरती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून साफ करणार असाल तर 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. मग विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं.

२०१९ च्या महापुरानंतर गाळानं भरलेले कॉम्प्युटर रस्त्याकडेला ढिगानं पडले होते. ओळखीच्या एका दुकानदारांना म्हटलं, डिस्क तेवढी काढून घ्या. ते म्हणाले, "आठवडाभर पाण्यात होतं, आत काय राहतंय?" राहतं. तबकडीवरची चुंबकीय नोंद पाण्यानं पुसत नाही, बिघडतं ते वरचं सर्किट आणि आत शिरलेल्या गाळानं यंत्र. आम्ही चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, झाकण उघडलं आणि आरशासारख्या तबकडीवर ड्रिलनं तीन भोकं पाडली. मग उरलेला डबा भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला.