‘पेडेस्ट्रियन’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पायी चालणारा, हे रस्त्यावरच्या पाट्यांमुळे सर्वांना ठाऊक असते, आणि घोटाळा नेमका तिथूनच सुरू होतो. इंग्रजी परीक्षणात नाटकाच्या संवादांना ‘पेडेस्ट्रियन’ म्हटलेले आढळले, तर ‘चालते-बोलते संवाद’ असा अर्थ काढू नये. परीक्षकाला ते रटाळ आणि कल्पनाशून्य वाटले आहेत. हे विशेषण पुलाला किंवा क्रॉसिंगला लागले की त्याचा संबंध पादचाऱ्यांशी असतो, तर लेखन, भाषण किंवा कल्पना यांना लागले की ती टीका समजावी.

हा दुसरा अर्थ अलीकडचा आहे, असे मानणे ही पुढची चूक होय. ‘पेडेस्टर’ या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पायी चालणारा, पायदळातला असा होताच, शिवाय काव्याच्या भरारीपुढे जमिनीवरून चालणाऱ्या गद्यासाठीही तो वापरला जाई; होरेस या रोमन कवीने तर आपल्या उपरोधिक कवितांच्या स्फूर्तिदेवतेलाच हे विशेषण लावले होते. इंग्रजीतही ‘नीरस’ हा अर्थ १८व्या शतकाच्या आरंभी आला आणि ‘पायी चालणारा माणूस’ हे नाम त्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. १९व्या शतकातील इंग्रजी मजकुरात ‘प्रसिद्ध पेडेस्ट्रियन’ असा उल्लेख आला, तर बहुधा तो पैज लावून चालणारा खेळाडू असतो. कॅप्टन बार्कली हा त्यांपैकीच एक. १८०९ मध्ये न्यूमार्केट येथे सलग १००० तास, दर तासाला एक मैल, याप्रमाणे तो १००० मैल चालला होता.

उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवण्याचा मोहही आवरावा. ‘पेडल’ आणि ‘पेडिक्युअर’ यांत पाय आहे, परंतु बालरोगशास्त्राच्या ‘पीडियाट्रिक्स’ या नावात तो नाही. तिथे मूल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर येणारे ‘ए’ हे अक्षर अमेरिकन स्पेलिंगमध्ये गाळले गेल्याने दोन्ही प्रकारच्या शब्दांची सुरुवात सारखीच दिसू लागली.

आपल्याकडे सर्वाधिक फिरणारी चूक मात्र वेगळीच आहे: लॅटिन ‘पेड’ हा संस्कृत ‘पद’वरून घेतला, असे ठामपणे सांगितले जाते. साम्य खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान, बहुधा लुप्त झालेल्या मूळ स्रोतातून आल्या असाव्यात, हा विचार संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतील व्याख्यानात मांडला होता. इंग्रजीतील ‘फूट’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेत मोडते, तिच्यात मूळच्या ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘ट’ नियमाने झाला, आणि संस्कृत ‘पितृ’समोर इंग्रजी ‘फादर’ ठेवला की पहिला बदल लगेच ध्यानात येतो. कचेरीतला ‘प्यून’ मात्र खरोखर उसना आहे, कारण पायी सैनिकासाठीचा पोर्तुगीज शब्द भारतातील इंग्रजीने घेतला, आणि त्याचेही मूळ लॅटिनमधील पायाच्याच शब्दात आहे.